तलावात रेनबो ट्राउट धरायला सोनेरी ल्यूर (खोटं आमिष) लावू की चंदेरी? डब्यात तीसेक रंग आहेत, किनाऱ्यावरून टाकणार आहे.

चंदेरी लावा. सोनेरी लावलात तरी चालेल. जांभळा असेल तर तोही लावा.

तुम्ही रंग विचारलात, नेमका तिथेच आमच्या घरात गेली कित्येक वर्षं वाद चालू आहे, म्हणून हे उत्तर लांबणार. आमचे साडू (बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यामुळे मान द्यावाच लागतो) रंगवाले आहेत. त्यांचा डबा उघडला की बांगड्यांचं दुकान उघडल्यासारखं वाटतं. प्रत्येक रंगाला वेगळा कप्पा, आत स्पंज. ढग आले की एक कप्पा, ऊन पडलं की दुसरा. तलावावर दोन तास असले तर त्यातला पाऊण तास ते गाठी सोडण्या-बांधण्यात घालवतात आणि तेवढा वेळ त्यांचा ल्यूर पाण्याबाहेर असतो. पाण्याबाहेरच्या ल्यूरला मासा लागत नाही, एवढं तरी आम्हा दोघांना मान्य असावं.

एकदा आम्ही दोघं तलावावर गेलो. माझ्याकडे त्या दिवशी एकच धड स्पून (चमच्यासारखा धातूचा ल्यूर) होता. ७ ग्रॅमचा, जेमतेम दोन इंच, एका बाजूचा मुलामा उडून आतलं पितळ दिसायला लागलेलं. दिवस उन्हाळ्याचे, आकाश स्वच्छ. साडूंनी माझा स्पून बोटात धरून उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "अरे, हा मोडीत घाल." मी काही बोललो नाही. माझ्या खिशात फिशटँकमध्ये लावायचा तापमापक होता. झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत तो घातला, शिसं बांधलं आणि तंगुसाला (गळाच्या दोरीला) लावून बाटली खाली सोडली. बाटली अशासाठी की खालचं पाणी तिच्यातच वर येतं आणि आकडा वाटेत फार बदलत नाही. पृष्ठभागावर २१ अंश, पंधरा फुटांवर १५. ट्राउट थंड पाण्याचा मासा, त्याला साधारण १२ ते १६ अंश मानवतात. २१ अंशांच्या पाण्यात तो भर दुपारी कशाला येऊन उभा राहील? म्हणजे मासे कुठे आहेत हे ल्यूर पाण्यात पडायच्या आधीच कळलं होतं.

मग मोजणी. स्पून पाण्याला टेकला की रिळाची तार मिटायची (म्हणजे तंगूस सुटायचा थांबतो), तंगूस किंचित ताणात ठेवायचा आणि मनात एक, दोन, तीन म्हणत राहायचं. हलका स्पून डुलत बुडतो, ढोबळमानाने सेकंदाला एक फूट. आखूड-जाड असेल तर बराच भरभर जातो. तुमचा कसा जातो ते किनाऱ्यालगत खोली माहीत असलेल्या जागी एकदा मोजून बघा, तळाला टेकला की तंगूस सैल पडतो. मी आठपर्यंत मोजून ओढला, काही नाही. दहा, काही नाही. बाराला रॉडच्या टोकाला बारीकशी टिचकी बसली. चौदाला मात्र मी हँडल फिरवायच्या आधीच तंगूस आपोआप कडेला सरकला. बुडता बुडताच घेतला होता त्याने. पुढच्या तासाभरात तीन मासे, तिन्ही चौदा-पंधरावर. साडू वीस पावलांवर उभे राहून हिरव्यावरून गुलाबीवर आणि गुलाबीवरून सोनेरीवर जात होते. ल्यूर पाण्यात पडला की लगेच ओढायला सुरुवात, म्हणजे सगळे रंग वरच्या तीन फुटांत.

आता खरी गंमत. तिसरा मासा मी साफ करायला घेतला आणि पोट उघडून बघितलं. आत चिलटांच्या कोषांचा लगदा, काळपट-तपकिरी, एकेक तांदळाच्या दाण्याहून लहान. मासळी एकही नव्हती. म्हणजे दिवसभर काळे दाणे खाणाऱ्या माशाने दोन इंचांचा धातूचा तुकडा धरला होता. भुकेने धरला, चिडून धरला की समोरून काहीतरी तडफडत गेलं म्हणून धरला, ते त्यालाच ठाऊक. मी ते साडूंना दाखवलं. ते म्हणाले, "बघ, चंदेरी होता म्हणून घेतला!"

दुसऱ्या दिवशी मी तो स्पून त्यांनाच दिला आणि म्हटलं, भाऊ, आज हा तुम्ही वापरा. त्यांच्या डब्यातून मी सगळ्यात भिकार दिसणारा, पण वजनाने तेवढाच, एक जांभळा स्पून उचलला. तो त्यांनी स्वतःही कधी लावला नव्हता. जागाही बदलून घेतली, ते माझ्या खडकावर आणि मी त्यांच्या. मी चौदापर्यंत मोजत होतो, ते मोजत नव्हते. मला दोन मिळाले, त्यांना एकही नाही. नंतर जेवताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मासे रात्रीतून जागा बदलतात. मेहुणीने मान डोलावली. माझ्या बायकोनेही डोलावली, हे विशेष.

स्पूनचा जन्म कसा झाला तेही साडूच रंगवून सांगतात. अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएल नावाच्या माणसाने १८५२ साली त्याचं पेटंट घेतलं. हातातला चमचा तळ्यात पडला आणि माशाने तो धरला, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी सोडा, पण तो चमचा बुडत होता, हे साडूंना मी आजवर पटवू शकलेलो नाही.

ओढण्याचा वेग हा दुसरा मुद्दा, आणि बहुतेक जण फार वेगाने ओढतात. पायाजवळच्या नितळ पाण्यात स्पून दोन हात ओढून बघा. तो डावीकडे-उजवीकडे डुलायला हवा. गरागरा फिरायला लागला तर वेग जास्त झाला. जेमतेम डुलेल तेवढा वेग धरा आणि मधेच एक क्षण थांबा. मागे मागे येणारा मासा बहुधा त्या थांबण्यात झडप घालतो. स्पिनर (फिरत्या पात्याचा ल्यूर) असेल तर पात्याची थरथर रॉडच्या टोकात जाणवली पाहिजे. ती थांबली म्हणजे पातं फिरत नाहीये किंवा शेवाळ अडकलंय. स्पिनरने तंगुसाला पीळ पडतो, म्हणून पुढे छोटा स्विव्हल (गोल फिरणारी कडी) लावा. छोटा म्हणजे छोटाच. साडूंचा स्विव्हल समुद्रातला आहे, त्याच्या ओझ्याने हलक्या स्पूनचं डुलणंच बंद होतं.

तंगूस ०.१८ ते ०.२० मिलिमीटर बास. जाड तंगुसावर ५-७ ग्रॅमचा ल्यूर लांब जात नाही आणि नितळ पाण्यात तो दिसतोही. मोठ्या माशाची भीती वाटत असेल तर रिळाचा ड्रॅग (मासा ओढेल तसा तंगूस सोडणारा ब्रेक) सैल ठेवा.

वसंतात आणि शरदात वरचं-खालचं पाणी जवळपास सारखंच गार असतं. तेव्हा मासे किनाऱ्यालगत, वरवर फिरतात आणि मोजणीची गरज फारशी पडत नाही. वारा ज्या काठाला लागतो तो काठ धरा, खाणं तिकडे ढकललं जातं. ओढा येऊन मिळतो ती जागा उन्हाळ्यातही बघण्यासारखी. नुकतेच सोडलेले हॅचरीचे (मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले) मासे पहिले काही दिवस कशावरही तुटून पडतात. त्या दिवसांत कुठल्याही रंगाने मासा मिळतो आणि त्यातूनच साडूंसारखे सिद्धांत जन्माला येतात.

आता प्रामाणिकपणे एक सांगायला हवं, नाहीतर साडूंनी हे वाचलं तर फोन येईल. रंगाला अजिबात अर्थ नाही असं नाही. नितळ पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो, खोल गेल्यावर तुमचा लाल ल्यूर काळपट दिसतो आणि निळा-हिरवा टिकतो. पालापाचोळ्याने चहासारख्या झालेल्या पाण्यात उलटं, तिथे निळा आधी मरतो आणि नारिंगी, तांबूस दिसत राहतो. एकदा पावसानंतर पाणी गढूळ होतं, मी चंदेरी स्पून घेऊन पंधरापर्यंत मोजत बसलो आणि साडूंनी तांब्याच्या रंगाच्या स्पूनवर तीन काढले. मला शून्य. पण त्या दिवशी त्यांचा स्पून जड होता आणि आपोआप खाली जात होता, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

तर तीसातले चार बाजूला काढा: एक चंदेरी, एक सोनेरी, एक तांबूस आणि एक गडद. वजनं मात्र दोन ठेवा, ४ आणि ७ ग्रॅम. मासे परत सोडणार असाल तर तीन टोकांचा गळ काढून एकेरी, टोकाला उलटा काटा नसलेला लावा आणि हात ओले करूनच मासा धरा. पाणी वीस अंशांच्या वर असेल तर सोडलेला मासाही बरेचदा जगत नाही, त्या दिवशी सोडायच्या बेताने गरवायला जाऊच नका.

मुलामा उडालेला तो स्पून तुम्हाला फोटो काढून दाखवला असता. पण साडूंनी तो दुसऱ्या दिवशी घेतला तो परत केलेला नाही. मागच्या वेळी त्यांचा डबा उघडला तेव्हा दिसला, चंदेरीच्या कप्प्यात, स्पंजवर.