तिरप्या वस्तूवर संपूर्ण फोकस कसा मिळवावा?

प्रश्न : टेबलावर आडव्या ठेवलेल्या मनगटी घड्याळाचे छायाचित्र घेताना ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ २२ पर्यंत लहान केले, तरी पट्ट्याचे टोक धूसर राहते आणि तबकडीवरील बारीक अक्षरेही मऊ दिसू लागतात. व्ह्यू कॅमेऱ्याला (ज्यात पुढची लेन्स आणि मागची चौकट स्वतंत्रपणे झुकवता येतात) डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मच्या जागी बसणारा सेन्सरचा भाग, जोडल्यास हा दोष जाईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी जाईल. अक्षरे मऊ दिसतात ती विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे. ॲपर्चर जितके लहान, तितका हा परिणाम अधिक, आणि सूक्ष्म पिक्सेलांच्या सेन्सरवर तो लवकर जाणवतो. व्ह्यू कॅमेऱ्यात लेन्स पुढे झुकवता येते. लेन्सचे, सेन्सरचे आणि वस्तूचे प्रतल पुढे वाढवल्यावर एकाच रेषेत एकमेकांना छेदू लागले, की संपूर्ण पट्टा फोकसमध्ये येतो. ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. मग एफ ११ इतके मोठे ॲपर्चर सुद्धा अनेकदा पुरते. मात्र फोकसचे क्षेत्र आता पाचरीच्या आकाराचे होत असल्यामुळे, टेबलावरून उंच उभा राहणारा घड्याळाचा चावीकडचा भाग तिच्याबाहेर तर जात नाही ना, हे लाइव्ह व्ह्यूमध्ये (पडद्यावरील थेट चित्रात) शंभर टक्के मोठे करून अवश्य पाहावे.

सेन्सर धरणारी मागची चौकट शक्यतो हलवू नये, कारण तिच्या झुकण्याने तबकडीचा आकारच बदलतो. डिजिटल सेन्सर ४ × ५ इंची फिल्मपेक्षा बराच लहान असल्याने झुकाव अगदी अल्प लागतो आणि हाताच्या अंदाजाने तो साधत नाही. ज्याचा झुकाव दातेरी चक्राने बदलता येतो, असाच कॅमेरा घ्यावा, असा माझा आग्रह आहे.