मननाला नवीन आहेस म्हणून

बायबलचं मनन उत्पत्तीच्या, म्हणजे पहिल्याच पुस्तकाच्या, पहिल्या पानापासून सुरू करू नकोस. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता भलेभले दमतात. त्यापेक्षा स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 घे, सहाच वचनं आहेत. स्तोत्रकर्ता दावीद सुरुवातीलाच परमेश्वराला "कोठवर?" म्हणून विचारतो, एकदा नाही, चारदा. शेवटी तोच गायला लागतो, पण मधे परिस्थिती पालटल्याचं एका अक्षरानेही लिहिलेलं नाही. त्या जागी जरा रेंगाळ.

वाचायचं ते हळू, ओठ हलवत. ज्या वचनाशी मन अडलं तिथेच थांबायचं, पुढचं उद्या. त्यातले चार शब्द वहीत उतरव आणि भाजी निवडताना, एसटीची वाट बघताना पुटपुटत राहा. मोबाईलवर सकाळी येणारं 'आजचं वचन' पुढे ढकललं म्हणजे मनन झालं, असं मी तरी मानत नाही.

काही दिवस कोरडे जातील. तेव्हा ओढूनताणून आनंद आणू नकोस. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहेच ना!

मग विलापगीत या पुस्तकाचा 3रा अध्याय घे, पण अख्खा. त्यातलं 'दया रोज सकाळी नवी' हे कॅलेंडरवर छापतात, त्याआधीचं रडगाणं कोणी छापत नाही. त्यानंतर रोमकरांस पत्राचा 5वा अध्याय. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचा क्रम बघ: संकटातून धीर, धीरातून शील, आणि मग कुठे आशा. आपण नेमकी आशाच आधी मागतो.

भाषा जड गेली तर सोप्या मराठीतलं भाषांतर शेजारी ठेव, आणि अडलंच तर पाळकसाहेबांना बिनधास्त विचार.