जेवतो भरपूर, तरी अंग धरत नाही

प्रश्न: नवरा ट्रॉलरवर तांडेल आहे. दारूने स्वादुपिंडाला दोनदा सूज आली. आता पोटभर जेवतो, तरी वाळत चाललाय. शौचाला तेलकट, तरंगणारं होतं. डॉक्टरांनी दिलेली कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी घेतो, पण गुण नाही.
– एक वाचक, देवगड

उत्तर: ताई, औषध बरोबर आहे, वेळ चुकतेय. जठरामागचं स्वादुपिंड रोज लिटरभर पाचकरस आतड्यात सोडतं. त्यातल्या लायपेज या पाचकद्रव्याशिवाय चरबी नीट पचत नाही. कॅप्सूलमध्ये तेच आहे, म्हणून ती प्रत्येक जेवणाच्या पहिल्या घासासोबत, न चावता घ्यायची. बोटीवर डबा उघडतानाही! बाटली इंजिनाच्या उष्णतेपासून लांब ठेवा. बांगडा, नारळाचं वाटप बंद करू नका, तो आधीच खंगलाय. दारू आणि तंबाखू मात्र कायमची सुटलीच पाहिजे. रक्तातली साखर आणि ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.