ऑफिसातल्या आयपी फोनवर आवाज तुटतो; ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नेमकं काय बदलावं?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑफिसात इंटरनेटवरून चालणारे आठ आयपी फोन बसवले, फायबर लाइन चांगली आहे, तरी ग्राहकांना तुमचा आवाज तुटक येतो, आणि फोनच्या ॲडव्हान्स्ड पानावर कशाला हात लावायचा ते कळत नाही.

ग्राहकांना तुटक येतो, पण तुम्हाला त्यांचं नीट ऐकू येतं का? तसं असेल तर दोष बहुतेक तुमच्या अपलोडच्या वाटेत आहे. ऑडिओच्या पानावर तो सापडणार नाही.

एका सीएच्या ऑफिसात मी हेच बघितलं. रोज संध्याकाळी साडेसहा वाजले की रिसेप्शनवरच्या ताईंना पॅन नंबर तीन-तीनदा सांगावा लागायचा. फोनचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकून चालू कॉलचं स्टेटस पान उघडून ठेवलं. जिटर, म्हणजे आवाजाची पॅकेट्स (छोटे तुकडे) पोचण्याच्या वेळेतला चढउतार, ६-७ मिलिसेकंद होता, साडेसहाला तो १२०च्या वर गेला. त्याच मिनिटाला आतल्या खोलीतल्या संगणकावरून बॅकअप क्लाउडवर चढायला लागला होता. लाइन जलदच होती, पण बॅकअपच्या गर्दीत आवाजाची पॅकेट्स रांगेत अडकत होती.

उपाय राउटरमध्ये केला. अपलोड ५० एमबीपीएस असेल तर राउटरमध्ये ४५ची मर्यादा घाला. मग रांग इंटरनेट कंपनीच्या उपकरणात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे तुम्हाला आवाज पुढे काढता येतो. तो ओळखू यावा म्हणून फोनच्या क्यूओएसमध्ये (कोणत्या पॅकेटला आधी वाट द्यायची त्या सेटिंगमध्ये) आवाजासाठी डीएससीपी, म्हणजे पॅकेटवरची प्राधान्याची खूण, ४६ ठेवा. काही फोन डीएससीपीऐवजी टीओएसचा (त्याच खुणेच्या जुन्या रूपाचा) आकडा मागतात, तिथे १८४ लिहायचं. ४६ लिहिलं तर खूण चुकते. इंटरनेटवर ही खूण कोणी पाळेल असं धरू नका, पण तुमच्या राउटरपर्यंत ती कामाची आहे.

फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळं आभासी नेटवर्क) करणार असाल तर आधी स्विचवर करा, मग फोनमध्ये नंबर घाला. उलटं केलं की फोनचं पान उघडेनासं होतं.

राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद करा. एसआयपी ही कॉल जोडण्या-तोडण्याची भाषा, आणि एएलजी ही तिचे निरोप वाटेत बदलणारी राउटरची सोय. एकाच बाजूने आवाज येणं किंवा कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कटणं, यामागे मी बऱ्याचदा तेच पाहिलंय. कॉल उचलल्याचा निरोप पोचला, पण त्याची पोच परत आली नाही, तर एसआयपी ३२ सेकंद वाट बघून कॉल सोडून देतो.

आता ऑडिओ. कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धतींच्या यादीत) जी.७११ ए-लॉ पहिला ठेवा, आपल्याकडे टेलिफोनच्या जाळ्यात तोच चालतो, म्यू-लॉ अमेरिका-जपानचा. ऑफिसातल्या ऑफिसात बोलायला जी.७२२ असेल तर जरूर लावा, आवाज खूपच मोकळा येतो. बँडविड्थ वाचवायला जी.७२९ घ्या असं कोणी सांगेल. त्यात आवाज फक्त ८ केबीपीएसचा असतो, पण दर पॅकेटमध्ये २० बाइट आवाजाला ४० बाइटची हेडर लागतात, म्हणून प्रत्यक्षात २४ केबीपीएस जातात. जी.७११ला असेच ८० जातात. आठ फोन एकदम चालले तरी साडेसहाशे केबीपीएसच्या आत, फायबरवर हे काहीच नाही. एवढ्यासाठी आवाज कशाला बिघडवायचा?

जिटर बफर, म्हणजे आलेली पॅकेट्स क्षणभर थांबवून एकसारख्या गतीने ऐकवणारा साठा, ॲडाप्टिव्ह (गरजेप्रमाणे बदलणारा) ठेवा. तो फक्त तुम्हाला येणारा आवाज सावरतो, ग्राहकाच्या बाजूला त्याचा उपयोग नाही. तो फार वाढवू नका. एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांपलीकडे गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यात शिरू लागतात. व्हीएडी बंदच करा. शांततेत पॅकेट न पाठवण्याची ही सोय वाक्याची पहिली अक्षरं गिळते, आणि ‘नको’तला ‘न’ गेला तर काय होईल बघा.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर तो बहुतेक पलीकडच्या स्पीकरमधून त्यांच्याच माइकमध्ये शिरतोय. त्यांना स्पीकर बंद करून रिसीव्हर उचलायला सांगा. बँकेच्या आयव्हीआरला (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणाऱ्या यंत्राला) तुमचं बटण कळत नसेल तर डीटीएमएफ, म्हणजे बटणांचे सूर पाठवायची पद्धत, आरएफसी २८३३ वर ठेवा.

आणि ते पान उघडलंच आहे, तर फोनचा मूळचा ॲडमिन पासवर्ड आजच बदला. अशा फोनमध्ये शिरून रात्रीतून परदेशी कॉल लावले जातात आणि बिल ऑफिसच्या नावावर येतं.