ओएस-९ वर सुपरयुजर लॉगिन होतो, भाच्याचं नाव टाकलं की होत नाही आणि लॅपटॉपवरून तर कोणीच आत जात नाही, असं का?

तुम्ही लिहिलंय की कोको ३ वर (म्हणजे टँडीचा कलर कॉम्प्युटर ३, १९८६ चा) ओएस-९ लेव्हल २ (जुनी ऑपरेटिंग सिस्टम) चालवताय, पासवर्डची फाइल लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये उघडून खाली भाच्याचं नाव वाढवलंत आणि फ्लॉपीच्या इमेजमध्ये (म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली नक्कल) परत टाकलीत. आता कोकोच्या कीबोर्डवरून सुपरयुजर (सगळे अधिकार असलेला) आत जातो, भाचा नाही. आणि /टी१ ला, म्हणजे कोकोच्या सीरियल पोर्टला, लॅपटॉप टर्मिनल म्हणून जोडून आर्डुइनोच्या सीरियल मॉनिटरमधून ट्राय केलं तर दोघंही नाही. पासवर्ड दहादा तपासलाय म्हणता, तो बरोबरच असणार, त्याला हात लावू नका.

मी पण पुण्यातच असतो आणि हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. दोन वेगळे प्रॉब्लेम दिसतायत पण मूळ एकच, ओळ संपल्याचं अक्षर.

आधी हे लॉगिन चालतं कसं ते बघा, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. टीएसमॉन हा सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा पोर्टपाशी बसलेला असतो, कोणी एंटर मारला की जागा होतो आणि लॉगिन नावाचा प्रोग्रॅम चालू करतो. लॉगिन नाव विचारतो, सिस फोल्डरमधली पासवर्ड नावाची साधी टेक्स्ट फाइल उघडतो आणि एकेक ओळ वाचत जातो. ओळीत स्वल्पविरामांनी तोडलेले सात भाग: नाव, पासवर्ड, युजर नंबर, प्रायॉरिटी, प्रोग्रॅमचं फोल्डर, डेटाचं फोल्डर, आणि शेवटी काय चालू करायचं ते, बहुतेक वेळा शेल. बस एवढंच. एन्क्रिप्शन वगैरे काही नाही, पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.

आता ओएस-९ मध्ये ओळ संपते ती फक्त कॅरेज रिटर्नवर, म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायातल्या आकड्यांत) ०डी. युनिक्सवाले फक्त लाइन फीड वापरतात, ०ए. आणि विंडोजचं नोटपॅड सहसा दोन्ही टाकतं, आधी ०डी मग ०ए. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये पहिली ओळ ०डी ला संपली, ती एकदम बरोबर वाचली गेली, म्हणून सुपरयुजर चालतो. पण मागे राहिलेला ०ए दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन चिकटला, त्यामुळे भाच्याचं नाव फाइलमध्ये "न दिसणारं एक अक्षर अधिक नाव" असं झालंय आणि ते तो बिचारा टाइप कसं करणार. पहिला युजर चालतो आणि दुसऱ्यापासून पुढे कोणीच नाही, हे लक्षण दिसलं की मी दुसरं काही बघतच नाही. (फाइल लिनक्सवर सेव्ह केली असती तर वेगळीच गंमत, अख्खी फाइल एकच लांब ओळ म्हणून वाचली गेली असती.)

खात्री करायची तर लिस्ट कमांडच्या भरवशावर राहू नका, त्यात सगळं ठीक दिसू शकतं. डंप कमांड वापरा, /डी०/सिस/पासवर्ड डंप करा आणि हेक्समध्ये ०डी च्या लगेच पुढे ०ए दिसतोय का बघा. दिसला की झालं निदान.

दुरुस्तीला सगळ्यात सोपं म्हणजे ती फाइल कोकोवरच नव्याने लिहा. जुनीचं नाव बदलून ठेवा, कारण बिल्ड कमांड असलेल्या फाइलवर लिहीत नाही, एरर २१८ देते. मग बिल्ड चालवा, प्रश्नचिन्ह आलं की एक ओळ टाइप करा, एंटर, दुसरी ओळ, एंटर, आणि रिकाम्या ओळीवर एंटर मारला की फाइल बंद. दोन-चार युजरसाठी एवढं पुरे. फाइल लॅपटॉपवरच लिहायची असेल तर टूलशेडच्या (लॅपटॉपवर फ्लॉपीच्या इमेज हाताळायचं टूल) ओएस९ कॉपी कमांडला मायनस एल (-l) लावा, ते ओळीचा शेवट बदलून देतं.

आता लॅपटॉपचं. आर्डुइनोच्या सीरियल मॉनिटरमध्ये ओळीच्या शेवटी काय पाठवायचं त्याचा एक ड्रॉपडाउन असतो. तुमचा बहुतेक "न्यूलाइन आणि कॅरेज रिटर्न दोन्ही" वर असणार. वर फाइलमध्ये झालं तेच इथे तारेवर होतंय, ०डी ने ओळ संपते आणि मागचा ०ए पुढच्या उत्तराच्या पुढे जाऊन बसतो, नावाच्या किंवा पासवर्डच्या. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत त्यामुळे संशय पण येत नाही. ड्रॉपडाउन नुसत्या कॅरेज रिटर्नवर करा. खरं सांगायचं तर सीरियल मॉनिटर टर्मिनल म्हणून वापरूच नका, तो अख्खी ओळ एकदम फेकतो. पुटी किंवा मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम घ्या, ते एंटरला फक्त कॅरेज रिटर्न पाठवतात.

एकदम फेकण्याने काय बिघडतं? /टी१ म्हणजे कोकोचा स्वतःचा चार पिनी सीरियल पोर्ट, त्यामागे सीरियलची चिपच नाही, ६८०९ प्रोसेसर स्वतः एकेक बिट मोजत बसतो. आणि फ्लॉपी वाचताना कंट्रोलर प्रोसेसरला थांबवून ठेवतो, त्या वेळात आलेली अक्षरं गेली ती गेलीच. म्हणजे लॉगिन फ्लॉपीवरून लोड होत असताना तुम्ही घाईने नाव टाइप केलंत तर पहिली एक-दोन अक्षरं गायब. स्पीड ३०० किंवा १२०० ठेवा, कोकोवर एक्समोड कमांडने पोर्टचा आणि पुटीत तोच, प्रॉम्प्ट पूर्ण आला की मगच टाइप करा. "कधी लागतं कधी नाही लागत" अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. आरएस-२३२ पॅक (कोकोत खोचायचं सीरियल पोर्टचं कार्ट्रिज) मिळाला तर /टी२ वर जा, त्यात ६५५१ ही खरी सीरियल चिप आहे, पण तिथे नुसत्या तीन तारा जोडून भागत नाही, सीटीएस पिनला ("आता पाठव" असं समोरून सांगणारी) सिग्नल नसेल तर ती चिप काही पाठवतच नाही.

तुम्ही यूएसबीचं कुठलं कन्व्हर्टर लावलंय ते लिहिलं नाहीये. आर्डुइनोबरोबर वापरतात ते ५ व्होल्टवालं टीटीएल असेल तर आत्ताच काढा, कोकोचा पोर्ट आरएस-२३२ व्होल्टेजचा आहे, अ‍ॅडॅप्टर उडेल. मधे व्होल्टेज बदलणारं मॅक्स२३२ चं छोटं बोर्ड लागतं, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत विचारा, मिळेल.

एवढं करून भाच्याचा पासवर्ड स्वीकारला गेला आणि त्याच्या पुढे एरर आला तर तो नंबर बघा. २१४ म्हणजे परवानगी नाही, २१६ म्हणजे पाथ सापडला नाही, २०७ म्हणजे मेमरी संपली. तुमच्याकडे ५१२ के असेल तर २०७ शक्यतो येऊ नये, १२८ के वर दुसरा युजर आला की येऊ शकतो कारण प्रत्येक प्रोसेसला ८ के चे ब्लॉक लागतात. २१६ आला तर पासवर्डच्या ओळीत दिलेलं डेटा फोल्डर खरंच बनवलंय का ते बघा, आणि मधेच फ्लॉपी बदललीत का तेही. २१४ साठी एक युक्ती: भाच्याचा युजर नंबर तात्पुरता ० करा. शून्य नंबर म्हणजे सुपरयुजर, त्याला कोणी अडवत नाही. तसं करून भाचा आत गेला तर परवानगीचाच घोळ, मग अ‍ॅटर कमांडने त्याच्या फोल्डरांना आणि प्रोग्रॅमना पब्लिक परवानग्या द्या आणि नंबर आठवणीने परत बदला, नाहीतर भाचा सगळी डिस्क पुसू शकतो. उलट पासवर्डच्या फाइलची पब्लिक रीड परवानगी काढून टाका, आत सगळं उघडं लिहिलंय.

गुगल करताना नुसतं ओएस-९ टाकू नका, अ‍ॅपलच्या मॅकचं काहीतरी येत राहतं. हे मायक्रोवेअरचं आहे, अ‍ॅपलच्या मॅक ओएस ९ च्या कितीतरी आधीचं, त्या नावावरून मायक्रोवेअरने १९९९ मध्ये अ‍ॅपलवर केस पण केली होती आणि हरले. मायक्रोवेअर किंवा ६८०९ हा शब्द जोडून शोधा, नाहीतर नायट्रोस-९ शोधा, तो याचाच पुढे सुधारलेला अवतार.

आणि हो, टर्मिनल जोडल्यावर स्क्रीन कोरी दिसली तर घाबरू नका, टीएसमॉन एंटरची वाट बघतोय. बाहेर पडायला लॉगआउट कमांड शोधत बसू नका, पुटीत एस्केप दाबा, कोकोच्या कीबोर्डवर कंट्रोल आणि ब्रेक. शेल बंद होतं, टीएसमॉन परत पोर्टवर येऊन बसतो आणि पुढचा माणूस लॉगिन करू शकतो. डंपमध्ये ०ए दिसलाच नाही तर त्या दोन ओळी जशाच्या तशा इथे टाका, पासवर्ड तेवढा बदलून.