'रेसिझम'साठी वर्णद्वेष, वंशवाद की वंशभेद?

प्रश्न असा आहे: कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या रहिवाशांच्या आरोग्यावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात 'रेसिझममुळे इंडिजिनस लोकांचे हेल्थ आउटकम्स सुधारत नाहीत' या अर्थाचं वाक्य वारंवार येतं. त्यासाठी 'वर्णद्वेषामुळे आदिवासींचे आरोग्य-निष्कर्ष सुधारत नाहीत' हे चालेल का?

माझ्या मते नाही. 'वर्णद्वेष', 'आदिवासी' आणि 'आरोग्य-निष्कर्ष' हे तिन्ही शब्द बदलायला हवेत, आणि त्यातही पहिला सगळ्यात आधी.

'वर्णद्वेष' हा शब्द मराठीत दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे रुळला. तिथे तो शोभतो. पण 'वर्ण' म्हटलं की मराठी वाचकाला कातडीचा रंग तरी आठवतो, नाहीतर चातुर्वर्ण्य. शिवाय 'द्वेष' ही मनातली गोष्ट. ज्याच्या मनात द्वेष नाही तो लगेच सुटतो, आणि या विषयात नेमकी तिथेच फसगत होते.

ब्रायन सिंक्लेअर यांचं प्रकरण घ्या. सप्टेंबर 2008, कॅनडातलं विनिपेग. हा 45 वर्षांचा, फर्स्ट नेशन्स या तिथल्या मूळ रहिवासी समाजातला माणूस, दोन्ही पाय कापलेले, व्हीलचेअरवर. लघवीसाठी बसवलेली नळी (कॅथेटर) तुंबल्यामुळे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन त्यांना मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाठवलं. तिथे प्रतीक्षाकक्षात ते 34 तास बसून राहिले. तपासणीच्या यादीत त्यांचं नाव चढलंच नाही. त्यांना उलट्या झाल्या, तरी उपचार सुरू झाले नाहीत. त्याच खुर्चीत ते गेले. नळी तुंबून झालेला मूत्राशयाचा संसर्ग बरा होण्यासारखा होता: नळी बदलायची, प्रतिजैविकं द्यायची. पुढच्या चौकशीत काही कर्मचाऱ्यांनी सांगितलं की हा माणूस दारू उतरायची वाट बघत असेल किंवा निवाऱ्याला आला असेल असं त्यांना वाटलं. इथे द्वेष शोधत बसलात तर कदाचित एकाच्याही मनात सापडणार नाही. चेहरा पाहून बांधलेला अंदाज मात्र एकामागून एक पाळ्यांमध्ये तसाच पुढे गेला, आणि त्याला अडवणारी एकही पायरी कामाच्या पद्धतीत नव्हती.

याला 'वंशभेद' म्हणावं. 'वंश' हा शब्द आपल्या संविधानाच्या मराठी पाठातही आहे: अनुच्छेद 15 मध्ये 'धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान'. 'जातिभेद' या शब्दाची सवय असल्यामुळे 'भेद' म्हणजे वागणूक आणि व्यवस्था दोन्ही, हे वेगळं सांगावं लागत नाही. संस्थेच्या पातळीवरचा असेल तर 'व्यवस्थागत वंशभेद'. 'वंशद्वेष' राखून ठेवावा तो उघड शिवीगाळीसाठी. 2020 मध्ये क्यूबेकमधल्या जोलिएत इथल्या रुग्णालयात अतिकामेक्व या मूळ रहिवासी समाजातल्या जॉयस एशाक्वान यांचा अपमान कर्मचारी करत होते आणि त्या स्वतः ते फेसबुकवरून थेट दाखवत होत्या, तिथे हा शब्द लागू पडतो. 'वंशवाद' टाळा. हिंदीत तो घराणेशाहीसाठी वापरतात आणि हिंदी बातम्या ऐकणाऱ्या वाचकाचा घोळ होतो.

'आदिवासी' एकट्याने लिहिलं की वाचक मेळघाट-गडचिरोलीला पोचतो. 'मूलनिवासी'ला महाराष्ट्रात स्वतःचा राजकीय अर्थ आहे. म्हणून एकदा 'तिथले मूळ रहिवासी' म्हणावं आणि पुढे नावं घ्यावीत: कॅनडात फर्स्ट नेशन्स, इनुइट, मेटिस, ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर, न्यूझीलंडमध्ये माओरी. 'रेड इंडियन' आणि 'एस्किमो' जुन्या पाठ्यपुस्तकांतच राहू द्यावेत.

'हेल्थ आउटकम्स'ला 'निष्कर्ष' ही सरळ चूक आहे. निष्कर्ष अभ्यासातून निघतो. काय मोजलं आहे ते लिहा: आयुर्मान, बालमृत्यू, मधुमेहातून होणारे मूत्रपिंडाचे विकार. ऑस्ट्रेलियात 2020–22 च्या आकड्यांनुसार मूळ रहिवासी पुरुषांचं आयुर्मान इतरांपेक्षा 8.8 वर्षांनी आणि स्त्रियांचं 8.1 वर्षांनी कमी आहे. मग वाक्य असं होईल: 'आरोग्यसेवेतल्या वंशभेदामुळे तिथल्या मूळ रहिवाशांचं आयुर्मान आणि आरोग्य सुधारायला अडथळा येतो.' 'आरोग्यसेवेतल्या' हा शब्द गाळू नका. अडथळा कुठे आहे ते त्यानेच कळतं.

अशा मजकुरात 'कल्चरल सेफ्टी'ही हमखास येतं. इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने ही कल्पना मांडली आणि 1992 पासून न्यूझीलंडच्या परिचर्या-शिक्षणात ती सक्तीची झाली. तिचा गाभा असा की सेवा सुरक्षित वाटली की नाही हे रुग्ण ठरवतो, परिचारिका नाही. नुसतं 'सांस्कृतिक सुरक्षा' लिहिलं तर संस्कृतिरक्षणाची मोहीम वाटते. 'रुग्णाची सांस्कृतिक सुरक्षितता' लिहा.

आणखी एक जागा जपायची. डॉक्टरांनी घरी सोडण्याआधीच रुग्ण निघून जातो, ज्याला आपल्या रुग्णालयांत 'डामा' (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस) म्हणतात. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. त्याचं भाषांतर 'पळून गेले' किंवा 'उपचार नाकारले' असं केलं की दोष रुग्णावर जातो. दुभाषी नसणं, आजार नीट समजावून न सांगणं, तुच्छतेची वागणूक ही कारणं वाक्याबाहेर राहतात. 'उपचार पुरे होण्याआधी रुग्णालय सोडलं' एवढंच लिहा, आणि मूळ मजकुरात कारण दिलं असेल तर ते त्याच वाक्यात ठेवा.