कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजमधून) युनिव्हर्सिटीत जायला ओळखींचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि खूप होतो. पण वशिला म्हणून नाही. कॅलिफोर्नियाचं विचारलंत, म्हणून तिथलंच सांगते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे ६ कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना, अटी पूर्ण केल्या तर, 'टॅग' नावाची प्रवेशाची हमी देतात. तिचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरावा लागतो, मुख्य अर्जाच्याही आधी. हे वेळेत कानावर पडलं नाही तर संधी हुकते. कॉलेजचा कुठला विषय युनिव्हर्सिटीत कशासाठी धरला जातो, ही जुळणी 'असिस्ट' या साइटवर दिसते, पण तुमची नोकरी, घरची ओढाताण आणि राहिलेलं गणित लक्षात घेऊन कुठला विषय कधी घ्यावा, हे तुम्हाला ओळखणारा काउन्सेलरच, म्हणजे कॉलेजातला अभ्यासक्रमाचा सल्लागारच, सांगू शकतो.

माणसांचं हे महत्त्व ओळखूनच १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच हेवर्ड शहरातल्या शॅबो कॉलेजात, हे कम्युनिटी कॉलेजच, 'पुएन्ते' हा विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटीपर्यंत पोचवणारा उपक्रम सुरू झाला. स्पॅनिशमध्ये पुएन्ते म्हणजे पूल. इंग्रजीच्या वर्गाला एकत्र बसणारी तुकडी, ठरलेला काउन्सेलर आणि शिकून पुढे गेलेला मेंटॉर, अशी त्याची रचना. मला ती फार मोलाची वाटते. घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नसेल तर विचारायचं तरी कुणाला?

तेव्हा पहिल्याच सेमिस्टरला काउन्सेलरची वेळ घ्या, आणि प्रत्येक वेळी शक्यतो त्याच व्यक्तीकडे जा. आधी युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर झालेला एखादा सीनियरही गाठा.